तीन दिवसांत कोंब, बारा दिवसांत मेथी: लहान मुलांबरोबर गॅलरीतली बाग

मुलांबरोबर बाग करायची म्हणून बरेच जण थेट नर्सरीत जातात आणि टोमॅटोचं नाहीतर गुलाबाचं रोप घेऊन येतात. टोमॅटोला फळ धरून पिकायला दोन-अडीच महिने लागतात, गुलाबाला काटे असतात, आणि चार वर्षांच्या मुलाला फार तर तीन दिवस धीर धरवतो. म्हणून इथे सुरुवात तीन दिवसांत काहीतरी दिसेल अशा कामापासून केली आहे. ते जमलं की बारा दिवसांचं, मग दीड महिन्याचं, आणि शेवटी दसऱ्याच्या झेंडूचं. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना ही कामं जमतात. जागा म्हणाल तर खिडकीची ग्रील किंवा गॅलरीचा कोपरा पुरतो.

बी विकत आणायची गरज नाही. मेथ्या, धने, मोहरी, गहू, चवळी, लसूण हे सगळं स्वयंपाकघरात असतंच. उलट दुकानातलं पेरणीचं बी मुलांच्या हाती देणं टाळा. गुलाबी किंवा हिरव्या रंगात माखलेलं बी असेल, तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, आणि मुलाचा हात मातीतून थेट तोंडात जातो.

आधी जमवाजमव

डबे: श्रीखंडाचे एक किलोचे, आइस्क्रीमचे चार लिटरचे, मिठाईचे प्लास्टिकचे पसरट डबे. बुडाला सहा-सात भोकं हवीत, प्रत्येक तुरीच्या दाण्याएवढं. दाभण किंवा जुना स्क्रू-ड्रायव्हर गॅसवर तापवून भोकं पाडा. हे काम मोठ्यांचंच, आणि खिडकी उघडी ठेवून. भोकांवर नारळाच्या शेंडीचा पातळ थर किंवा जुन्या सुती कापडाचा तुकडा टाका, म्हणजे पाणी जाईल पण माती वाहून जाणार नाही. डब्याचं झाकण खाली ताटलीसारखं ठेवता येतं.

माती: दोन वाट्या लाल माती, एक वाटी भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटी गांडूळखत. या मापाने कितीही मोठं मिश्रण करा. शेतातली काळी माती एकटी वापरू नका. डब्यात ती पाणी धरून बसते आणि सुकली की भेगा पडून रोपांची मुळं तुटतात. काळीच मिळत असेल तर तिच्यात तेवढीच जाड वाळू मिसळा. शेणखत वापरणार असाल तर ते वास नसलेलं, हातात भुसभुशीत होणारं हवं. ताजं शेण कोवळी मुळं जाळतं.

कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट साधारण चार लिटर पाणी पिते आणि फुगते. ती फुगताना बघणं हाच मुलांसाठी अर्ध्या तासाचा खेळ आहे. मात्र वीट पाण्यात पूर्ण भिजवूनच मोडा. कोरडी मोडली की धूळ उडते आणि खोकला येतो.

झारी: बाजारातली लहान मुलांची झारी दिसायला छान असते, पण तिच्यातून पाणी धो-धो पडतं. त्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला तापलेल्या सुईने सात-आठ बारीक भोकं पाडा. बाटली अर्धीच भरा. पूर्ण भरलेली लहान हाताला जड होते आणि दाबल्यावर चिळकांडी उडून बी उघडं पडतं.

पहिलं काम: पेल्यातली चवळी

काचेचा सरळ पेला घ्या. आतल्या बाजूने काचेला लागून टिशू पेपरची दोन पदरी गुंडाळी लावा आणि मधल्या पोकळीत चुरगळलेला कागद दाबून भरा, म्हणजे टिशू काचेला चिकटून राहील. बुडाशी दोन सेंटिमीटर पाणी. आता काच आणि टिशू यांच्यामध्ये चवळीचे चार दाणे सरकवा: एक उभा, एक आडवा, एक उलटा, एक तिरका. दाणे रात्रभर भिजवलेले असावेत आणि भुंग्याने पोखरलेले नसावेत. भोक पडलेला दाणा फुगतो, पण बहुधा रुजत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूळ दिसतं. दाणा कसाही ठेवलेला असो, मूळ वळून खालीच जातं. मुलाला हे सांगू नका, त्यालाच पाहू द्या. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की पाणी ओतून टाका, टिशू ओला ठेवा आणि पेला एका दिवसासाठी आडवा करून ठेवा. दुसऱ्या दिवशी मुळाने काटकोनात वळण घेतलेलं दिसेल. गुरुत्वाकर्षण हा शब्द पुढे कधीतरी शाळेत येईलच.

इथे बिघडतं ते पाण्याने. दाणा पाण्यात बुडाला तर त्याला हवा मिळत नाही आणि चौथ्या दिवशी कुजका वास येतो. पाणी टिशूने वर ओढून घ्यायचं, दाण्याला लागायचं नाही. दुसरी तक्रार 'बुरशी आली' अशी असते. बऱ्याचदा ती बुरशी नसते. मुळाभोवती दिसणारा पांढरा मखमली लव म्हणजे मुळाचे केस, ज्यांनी रोप पाणी पितं. पाण्याचा हलका फवारा मारा. केस असतील तर ते मुळाला चिकटून दिसेनासे होतात, बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखी तशीच राहते. चांगली रोपं केवळ या गैरसमजाने कचऱ्यात जातात.

सातव्या-आठव्या दिवशी दोन पानं सुटली की रोप कुंडीत लावा. चवळीला किमान २५ सेंटिमीटर खोल कुंडी आणि चढायला ग्रीलला बांधलेली सुतळी द्या. उन्हाळा आणि पावसाळा हे तिचे दिवस. सहा-सात आठवड्यांत फुलं येतात.

दुसरं काम: समुद्र मेथी

मुंबईत बाजारात मुळांसकट बारीक जुड्या मिळतात ती समुद्र मेथी. समुद्राकडच्या वाळूत वाढवतात आणि दोन-चार पानांवर असतानाच उपटतात. मुलांसाठी हिच्याइतकं हमखास पीक दुसरं नाही. मोठी मेथी व्हायला महिना लागतो, हिला दहा-बारा दिवस पुरतात.

पसरट डबा हवा, साधारण २० बाय १५ सेंटिमीटरचा, आत आठ सेंटिमीटर माती. वरच्या तीन सेंटिमीटरमध्ये निम्मी वाळू मिसळली तर उपटताना मुळं सहज सुटतात. इतक्या जागेला पोह्याच्या चमच्याने दीड चमचा मेथ्या लागतात.

रात्री मेथ्या भिजत घाला. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी टोकं दिसतील. माती आधी भिजवून घ्या. पेरल्यावर जोरात पाणी घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं. मुलाला मीठ भुरभुरल्यासारखं बी पसरू द्या. त्याच्या हातून एका जागी ढीग पडणारच. तो बोटाने हलकेच पसरवा, म्हणजे झालं. वरून जुन्या पिठाच्या चाळणीने अर्धा सेंटिमीटर कोरडी माती चाळायची. हे काम मुलांना फार आवडतं आणि जमतंही उत्तम. वर ओला वर्तमानपत्राचा कागद.

कागद रोज सकाळी उचलून बघायचा. दोन-तीन दिवसांत कोंब माती उचलताना दिसतील. पोपडा वर येतो आणि खालून वाकलेली पांढरी मान डोकावते. त्याच क्षणी कागद काढा आणि डबा उजेडात न्या. एक दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात आणि मग आडवी पडतात.

नंतर रोज चार तास ऊन मिळेल अशा ठिकाणी डबा ठेवा. रोपं उजेडाकडे झुकतात, म्हणून रोज डबा अर्धा फिरवायचा. ही जबाबदारी मुलाकडेच द्या. बोटभर उंच झाली की मुळांसकट उपटा, मुळं कात्रीने कापा आणि पानं तीन पाण्यांतून धुवा. वाळू पानांच्या बेचक्यात राहते आणि दाताखाली कचकचते. एका डब्यातून मोठी मूठभर मेथी निघते, थालिपिठाला किंवा आमटीत टाकायला पुरेशी. आपण पेरली म्हणून मूल ती आवडीने खाईल, असं धरून चालू नका. काही मुलं खातात, काही फक्त उपटतात. त्यात काही वावगं नाही.

पाणी, म्हणजे खरं संकट

मुलांच्या बागेतली रोपं उन्हाने किंवा किडीने कमी मरतात, प्रेमाने जास्त मरतात. पाणी घालणं हा सगळ्यांत आवडता भाग, त्यामुळे ते दिवसातून पाच वेळा घातलं जातं. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ओलाव्यावर बुरशी वाढते, आणि उगवून आठ दिवस झालेली रोपं मातीलगत बारीक, तपकिरी होऊन कोलमडतात. एकदा कोलमडलेलं रोप वाचत नाही. आजूबाजूची वाचवायची तर पाणी दोन दिवस बंद, डबा वाऱ्यावर, आणि पुढच्या वेळी बी थोडं विरळ.

मुलाला नियम एकच शिकवा: बोटाचं एक पेर मातीत खुपसायचं. बोटाला माती चिकटली तर पाणी नाही, कोरडं निघालं तर पाणी. आणि पाण्याची हौस भागवायला एक जादा डबा ठेवा, ज्यात नुसती माती आहे. त्यात हवं तेवढं ओता, चिखल करा, गाडी फिरवा. एवढ्या एका डब्याने बाकीचे सगळे वाचतात.

पावसाळ्यात ताटल्यांमधलं साचलेलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून टाका. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पुदिन्याच्या काड्या ठेवलेल्या पेल्यालाही हेच लागू.

तिसरं काम: कोथिंबीर, थोडा धीर असेल तर

कोथिंबीर उगवत नाही अशी तक्रार घराघरांत असते. कारणं तीन. पहिलं, आख्खा धना. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून तो फोडून पेरायचा. पाटावर धने पसरून वर वाटीच्या बुडाने दाबायचं, दोन फाकी होईपर्यंतच. मुलं जोर लावून धनेपूड करतात, तेव्हा आधी पाच-सहा दाणे देऊन बघा. दुसरं, जुने धने. ओल्या फडक्यात दहा दाणे दहा दिवस ठेवा. पाचापेक्षा कमी रुजले तर ते धने फोडणीलाच ठेवा. तिसरं, घाई. फोडून बारा तास भिजवलेला धनाही उगवायला आठ ते बारा दिवस घेतो. नवव्या दिवशी माती उकरून बघण्याचा मोह मुलांपेक्षा पालकांना जास्त होतो, आणि त्यात कोंब मोडतो.

एक सेंटिमीटर खोल, दोन बोटांवर एकेक फाक. पाच-सहा आठवड्यांत खुडायला येते. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. एप्रिलमध्ये पेरली तर ती लवकर फुलावर जाते, पानं शेपूसारखी बारीक होतात आणि चव उतरते.

लसणाची पात याहून सोपी. मोड डोकावणाऱ्या पाकळ्या, टोक वर ठेवून, दोन सेंटिमीटर खोल खोचायच्या. उलटी लावली तरी उगवते, पण वळसा घालून येते म्हणून उशीर लागतो. वीतभर झाली की वरची पात कापा, खाली दोन बोटं ठेवा, ती पुन्हा फुटते. पुदिन्याची काडी पेल्यातल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत मुळं धरते. पाण्यात बुडणारी पानं मात्र आधी खुडून टाका, नाहीतर पाणी सडतं.

घटातलं धान्य पिवळं का असतं?

नवरात्रात घरी घट बसत असेल तर मुलांनी रोज वाढणारे ते कोंब पाहिलेले असतात. दसऱ्याला तेच तुरे टोपीत खोवले जातात. पण गच्चीतला गहू हिरवागार आणि देवघरातला फिका पिवळा, असं का? हा प्रयोग घरीच करता येतो. श्रीखंडाचे दोन डबे, प्रत्येकी मूठभर रात्रभर भिजवलेले गहू, वर पातळ मातीचा थर. एक डबा खिडकीत, दुसरा कपाटात. पाणी दोन्हींना सारखं, एका दिवसाआड तीन-चार चमचे.

रोज पट्टीने उंची मोजून कॅलेंडरवर लिहायची. सहा-सात दिवसांनी कपाटातला गहू जास्त उंच निघतो, आणि मुलं इथे हमखास चकित होतात. अंधारातलं रोप उजेड शोधत, दाण्यातली सगळी शिदोरी खर्चून लांब होत जातं. हिरवा रंग तयार व्हायला उजेड लागतो, तो नाही म्हणून पिवळं. आता तो डबा खिडकीत आणा. एक-दोन दिवसांत पानं हिरवी होऊ लागतात. फार उशीर केला तर शिदोरी संपलेली असते आणि गहू मान टाकतो. दहा दिवसांच्या पुढे जाऊ नका.

लांब पल्ल्याचं काम: दसऱ्याचा झेंडू

तोरणाची फुलं सुकली की टाकू नका. पूर्ण वाळलेलं फूल हातात घेऊन पाकळ्यांचा झुपका ओढला की खाली काळ्या काड्या दिसतात, एका टोकाला वाळलेल्या पाकळीची शेपटी. काळी, टणक काडी हे बी. फिकट, चेपलेली काडी पोचट असते. मुलाला दोन ढीग करायला बसवा, दुपार निघून जाते. बाजारातला झेंडू बहुधा संकरित असतो, त्यामुळे रोप आईसारखंच येईल याची खात्री नाही. फूल लहान येईल, रंग बदलेल.

दसऱ्याच्या अडीच महिने आधी पेरा. बी आडवं ठेवून वर जेमतेम झाकेल एवढीच माती. चार ते सहा दिवसांत उगवतं. पहिल्या जोडीनंतरची चार खरी पानं आली की एकेक रोप दहा इंची कुंडीत लावा. वीतभर उंचीला शेंडा खुडायचा. मुलांना हे क्रूर वाटतं, पण शेंडा खुडला नाही तर बाजूच्या फांद्या कमी फुटतात आणि फुलंही कमी येतात. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर झुडूप वाढतं, फुलत नाही. अशी खिडकी असेल तर झेंडूच्या फंदात न पडता मेथी-पुदिन्यावर समाधान माना. विदर्भ-मराठवाड्यात मात्र उन्हाळ्यात उलट अडचण: तिथे एप्रिल-मेमध्ये सगळ्याच डब्यांना हिरव्या जाळीची सावली लागते.

मावा, कबुतरं आणि बाकीचे पाहुणे

चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, येतोच. त्याआधी मुंग्यांची रांग दिसते, कारण माव्यातून झरणारा गोड रस त्यांना हवा असतो. मुंग्या वर चढताना दिसल्या की पानाची खालची बाजू बघा. पहिला उपाय पाण्याचा फवारा आणि बोटाने पुसणं. तेवढ्याने भागलं नाही तर एक लिटर पाण्यात अर्धा लहान चमचा भांड्यांचं द्रव साबण घालून संध्याकाळी फवारा, सकाळी साध्या पाण्याने धुवा. मात्र लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर काहीच करू नका, तो मावाच खातो. मुलांच्या बागेत विषारी औषधं आणूच नका.

मुंग्या पेरलेलं बारीक बीही पळवतात. डबा पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवला की त्या पोचत नाहीत, फक्त ते पाणी रोज बदला. कबुतरं मात्र कोवळी मेथी मुळापासून उपटतात. त्याला भाज्यांच्या जाळीदार पिशवीचं आच्छादन हाच उपाय. चकचकीत सीड्या टांगून काही होत नाही, दोन दिवसांत त्यांना कळतं.

दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या

कुंडी किंवा डबा कठड्याला लागून कधीच ठेवू नका. मुलासाठी ती पायरी असते. कठड्यापासून हातभर आत किंवा जमिनीवर ठेवा, आणि ग्रीलबाहेर काहीही टांगू नका. तीन वर्षांखालच्या मुलाला चवळी, वाटाणा एकटं असताना देऊ नका, दाणा नाकात घातला की ओलाव्याने फुगतो. पाण्याची बादली काम झालं की रिकामी करा. सोसायटीच्या बागेत कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज अशी विषारी झाडं दिसली तर ती ओळखायला शिकवा आणि 'घरच्या डब्यातलंच तोंडात घालायचं, तेही विचारून' हे एकदा नाही, रोज सांगा. काम संपलं की साबणाने हात, नखांसकट.

गावी जायचं असेल तर लिटरच्या बाटलीत पाणी भरा, जुन्या सुती फडक्याची करंगळीएवढी जाड वात आधी भिजवून एक टोक बाटलीच्या तळाशी, दुसरं मातीत चार बोटं खोल खुपसा. बाटली डब्यापेक्षा किंचित उंच ठेवायची. श्रीखंडाच्या डब्याला चार-पाच दिवस पुरतं. वात कोरडी लावली तर पाणी चढत नाही.

चवळीच्या दोन-तीन शेंगा वेलीवरच ठेवा, हलवल्यावर आत दाणे खुळखुळेपर्यंत. मग त्या काढून दाणे आठ दिवस सावलीत वाळवा, वाळलेली कडुनिंबाची चार पानं घालून काचेच्या बाटलीत भरा. बाटलीवर मुलाच्याच हाताने नाव आणि महिना लिहून चिकटवा, पुढच्या जूनला हीच पेरायची.